जमिनीला विचारून बांधलेलं घर

निसर्गाचं इतकं ऐकणारा आणि घरातल्या माणसाचं इतकं न ऐकणारा गृहस्थ आमच्या साडूंशिवाय सबंध नगर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. मुंग्यांची रांग कुठल्या दिशेनं निघाली, लिंबाचा पाला कुठल्या आठवड्यात गळायला लागला, वारा कधी फिरला, हे सगळं त्यांना पाठ. आणि बायको गेली दहा मिनिटं "अहो, पानं वाढलीत" म्हणून ओरडतेय, हे मात्र शेजारचं कुणीतरी येऊन सांगेल तेव्हा कळायचं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईंचे यजमान. साडू-साडू हे नातं तसं मोठं समंजस असतं. दोघांनाही एकाच सासुरवाडीचं पुरण पचवायचं असतं, त्यामुळे कुणी कुणाला शहाणपण शिकवायच्या भानगडीत पडत नाही. मी पडलो नाही, आणि तिथंच माझी चूक झाली. ती पुढं सांगतो.

साडू चित्रकलेचे शिक्षक. एका संस्थेच्या शाळांत त्यांची नोकरी झाली, आणि संस्था दर तीन-चार वर्षांनी त्यांना उचलून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची. अशी त्यांची अकरा भाड्याची घरं झाली. प्रत्येक घरात शिरल्या शिरल्या सुमनताई डबे लावायला घ्यायच्या आणि साडू उदबत्ती पेटवून खोलीच्या मधोमध उभे राहायचे. देवासाठी नव्हे, धूर कुठं जातो ते बघायला. धूर सरळ वर गेला की त्यांचा चेहरा पडायचा. "या घराला श्वास नाही," असा निकाल द्यायचे आणि मग घरमालकाच्या घराला श्वास देण्याच्या मागे लागायचे. घोडेगावला त्यांनी मालकाला न विचारता रस्त्याकडच्या भिंतीतल्या सहा विटा काढल्या. भिंतीला नाक पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. वारा आला, नाही असं नाही. पण बाजाराच्या दिवशी वाऱ्याबरोबर एका गोऱ्ह्याचं तोंडही आत आलं आणि त्यानं सुमनताईंनी निवडून ठेवलेली मेथी खाल्ली. संध्याकाळी मालक आले. भिंत बघितली आणि शांतपणे म्हणाले, "सर, तुमी भिताडाला नाक काढलंय. आता सामान काढा."

त्याआधीची बेलापूरची गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगितली जाते. ऐन उन्हाळ्यात चिमणीनं त्यांच्या पंख्याच्या वाटीत घरटं केलं. साडूंनी पंख्याचं बटण चिकटपट्टीनं बंद केलं आणि खाली कागद लावला, 'चिमणी बाळंतीण आहे. पंखा लावू नये.' अक्षर सुंदर, कागदाला वेलबुट्टीची चौकटसुद्धा. त्याच पंख्याखाली बाजेवर सुमनताई बारा दिवसांच्या लेकीला घेऊन घामानं निथळत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अन् मी कोण आहे हो?" साडूंनी मान वर केली, प्रश्नाचा खरोखरच विचार केला आणि ड्रॉइंगबोर्ड घेऊन तासभर वारा घालत बसले. माणूस वाईट नव्हता. बायकोला वारा घालायला त्यांची कधी ना नव्हती, फक्त आठवण करून द्यावी लागायची.

सुमनताई उंचीनं अगदी ठेंगण्या. भाड्याच्या घरांतले ओटे म्हणजे दुसऱ्याच कुणा बाईच्या मापाचे, नाहीतर कुठल्याच बाईला न विचारता बांधलेले. म्हणून त्या पायाखाली एक लाकडी पाट घ्यायच्या आणि त्यावर उभं राहून भाकरी थापायच्या. अकरा घरं तो पाट त्यांच्याबरोबर फिरला. टेम्पोत सगळ्यात शेवटी चढायचा आणि सगळ्यात आधी उतरायचा. दोनदा त्या त्यावरून पडल्या, एकदा तर तव्यासकट. त्यांचं आयुष्यात मागणं असं एकच होतं. "माझ्या उंचीचा ओटा असलेलं घर होऊ दे, मग हा पाट मी चुलीत घालते." तेहतीस वर्षं त्या हेच म्हणत होत्या. साडू म्हणायचे, "होणार, होणार. पण घाई नको. घर बांधायचं तर जमिनीला विचारून बांधायचं."

निवृत्तीनंतर तिसगावच्या बाहेर डोंगराच्या पायथ्याला, माळावर, त्यांनी दहा गुंठे जागा घेतली. विकणारे म्हातारेबाबा मोटारसायकलवर मागे बसून आले. एक लिंबाचं झाड होतं, त्याच्या मावळतीच्या अंगाला काठीनं गोल फिरवत म्हणाले, "हे समदं आता तुमचं." मी शेजारीच उभा होतो. आता हे ऐका: मी सबंध नोकरी तहसील कचेरीत काढलेला माणूस. जमिनीची मोजणी न केल्यानं भाऊ भावाच्या डोक्यात दगड घालतो, हे दर आठवड्याला डोळ्यांनी बघितलेला. आणि तरी त्या क्षणी "आधी मोजणी करू" हे शब्द माझ्या तोंडून आले नाहीत. माझी अक्कल त्या दिवशी कुठं शेण खायला गेली होती, मला माहीत नाही. साडू डोळे मिटून वारा घेत उभे होते आणि सुमनताई पेढे वाटत होत्या. अशा वेळी मोजणीचं काढणं मला अभद्र वाटलं.

कुणीही शहाणा माणूस जागा घेतल्यावर गवंडी बघतो. साडूंनी प्लॅस्टिकची एक खुर्ची आणि दोनशे पानी वही घेतली. पूर्ण एक वर्ष ते त्या जागेत बसले. तिन्ही ऋतू बघितल्याशिवाय पायाची कुदळ मारायची नाही, असं त्यांनी जाहीर केलं. बाराव्या भाड्याच्या घरातून, म्हणजे तिसगावातल्या दोन खोल्यांतून, सकाळी सातला सायकलवर निघायचे आणि दिवस बुडताना परत. वहीत नोंदी. 'सकाळी नऊ. वारा पश्चिमेचा, मंद. मुंग्या अंडी घेऊन चढाकडे.' 'दुपारी तीन. ऊन असह्य. भिंत दुहेरी हवी.' दुपारच्या उन्हाचा त्यांनी मोठा धसका घेतला होता. त्या उन्हाशी लढायला त्यांनी दीड हात जाडीच्या भिंती काढल्या, मध्ये पोकळी काढली, वर वेल चढवले, पश्चिमेला पाण्याचं टाकं ठेवलं. लढाईच होती ती. मी एकदा म्हटलं, "साडूभाऊ, किल्ला बांधताय की घर?" ते म्हणाले, "जमीन सांगेल ते."

सुमनताई रोज एक वाजता डबा घेऊन माळावर यायच्या. साडूंचा नियम असा की आपल्या जागेत बसूनच जेवायचं, तरच जागा बोलायला लागते. त्यामुळे ते रणरणत्या उन्हात, खुर्चीत, एका हातात छत्री धरून भाकरी खायचे. सुमनताई मात्र लिंबाच्या पलीकडे, उगवतीच्या अंगाला, एका सपाट काळ्या दगडावर टेकायच्या. तिथं दुपारभर गार सावली. साडू छत्रीखालून हाक मारायचे, "अगं, आपल्या जागेत ये." त्या तिथूनच म्हणायच्या, "तुम्ही बसा मालक आपल्या जागेत. मी आपली परक्याच्या सावलीत बरी आहे." मग तिथं शेंगा फोडायच्या, वाल सोलायच्या, रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांशी बोलायच्या. शेजारचे शेतकरी नाना अधूनमधून किटलीत चहा घेऊन यायचे, सरांना रामराम घालायचे, चहा ओतायचे आणि काही न बोलता निघून जायचे. साडूंना नानांचं फार कौतुक. "निसर्गाच्या जवळचा माणूस. शब्द वाया घालवत नाही."

वर्ष भरलं तेव्हा साडूंनी आम्हा सगळ्यांना बोलावून आराखडा दाखवला. चित्रकलेच्या मास्तरचा आराखडा, जलरंगात. बघत राहावा असा. चिमण्यांसाठी भिंतीत खोपे होते. खारीला छपरावरून लिंबावर जायला वाट होती. पालींसाठीसुद्धा एक कोपरा राखीव होता, कारण पाल डास खाते. न्हाणीचं पाणी केळीला, केळीचा पाला गांडुळांना. सगळं नाव घालून, बाण काढून. आणि मागच्या बाजूला, ईशान्येच्या कोपऱ्यात, एक छोटा चौकोन होता. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'स्वयंपाक इ.' सुमनताईंनी चष्मा लावून तो चौकोन वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून पदरानं पुसला आणि चहा टाकायला आत गेल्या. आमच्या हिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही ते मीच लिहिलंय.

तरी आखणी झाली. मिस्त्रीनं चुन्याची फक्की मारली, माळावर पांढऱ्या रेघांचं घर उमटलं, आणि दुसऱ्या दिवशी कुदळ पडणार तर त्या रेघांच्या आत, बरोबर बैठकीच्या खोलीत, टिटवीनं चार अंडी घातली. टिटवी घरटं म्हणून बांधत नाहीच. चार खडे सरकवते, झालं. मिस्त्री म्हणाला, "सर, पाटीत उचलून पल्याड ठिवतो. तिला काय कळतंय." साडू अंड्यांच्या आणि मिस्त्रीच्या मध्ये उभे राहिले. "ती आपल्या आधीची आहे. पिल्लं चालती होईपर्यंत काम बंद." मिस्त्रीनं टोपी काढून डोकं खाजवलं आणि दुसऱ्या कामावर निघून गेला. सुमनताई एवढंच म्हणाल्या, "तिचं तरी घर झालं, बरं झालं." त्या हसून म्हणाल्या, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला साडूंचा मनापासून राग आला. साठीला आलेली बाई, गुडघे दुखतायत, अजून पाटावर उभी राहून भाकरी थापतेय, आणि हे टिटवीची खोली सांभाळत बसलेत.

पण आज मी त्या टिटवीला हात जोडतो. काम थांबलं म्हणून मला रिकामा वेळ मिळाला, रिकामा वेळ मिळाला म्हणून अक्कल शेण खाऊन परत आली, आणि मी मोजणीचा अर्ज केला. मोजणीवाले आले. तिवईवर यंत्र मांडलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, कागद उलगडला, मिटला, पुन्हा उलगडला. मग त्यातला एकजण साडूंच्या खुर्चीजवळ येऊन अदबीनं म्हणाला, "सर, जरा उठता का? तुम्ही दुसऱ्याच्या गटात बसलाय." साडूंची खरी जागा लिंबाच्या उगवतीला होती. विकणाऱ्या म्हाताऱ्याचा एक बांध चुकला होता. वर्षभर ज्या जमिनीचा सखोल अभ्यास झाला, ती नानांची होती.

नाना तिथंच किटली घेऊन उभे होते. मी विचारलं, "नाना, तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. माजीच जमीन, मला न्हाई म्हाईत आसनार?"

"मग वर्षभर बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? मास्तर मानूस. माज्या पोराला चित्र काडायला शिकिवलं त्यांनी. बसले तर बसले. माळच हाय, काय उचलून न्हेनार हायेत व्हय? मला वाटलं, रिटायर झाल्याव सर हवा खायला येत्यात."

"अहो, पण फक्की मारली तेव्हा तरी?"

नानांनी मान खाजवली. "तवा जरा इचारात पडलो. म्हनलं, उद्या जाऊन सांगावं. तर टिटवीनं अंडी घातली. म्हनलं, आता काम थांबलंच हाय, तर कशाला सरांचं मन दुखवा."

साडूंनी वही उघडली, पहिल्या पानापासून चाळली, मिटली आणि नानांच्या हातात दिली. "ही तुमची आहे नाना. तुमच्या जमिनीची आहे." नानांनी किटली खाली ठेवली, हात धोतराला पुसून वही घेतली. "माज्या माळाचं एवढं लिवलंय व्हय?" एवढंच म्हणाले. पुढं मला कळलं की ती वही त्यांनी ट्रंकेत सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर ठेवली आहे आणि पाहुणे आले की काढून दाखवतात.

तीन दिवस साडू माळाकडे फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी खुर्ची उचलून लिंबाच्या उगवतीच्या बाजूला आणली, नवी दोनशे पानी वही काढली आणि म्हणाले, "आजपासून एक वर्ष." आम्ही दोघं नवरा-बायको त्या दिवशी तिथं होतो. सुमनताई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी डबा दगडावर ठेवला, साडूंच्या हातातली वही काढून घेतली नाही, पेनही काढून घेतलं नाही, फक्त समोर उभ्या राहिल्या. मी सुमनताईंना साडूंशी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आवाज चढला नाही. "आता वर्ष नाही. माझ्याजवळ वर्षं नाहीत अशी वाटायला. चिमणीला विचारलंत, मुंगीला विचारलंत, वर्षभर परक्या जमिनीला विचारलंत. आता मला विचारा. मी इथं वर्षभर बसलेय."

आणि त्या चालायला लागल्या. लिहा म्हणाल्या, आणि साडू लिहायला लागले. या अंगानं पावसाचा लोट येतो, माझी एक चप्पल गेलीय त्यात, इथं भिंत घालू नका. या कोपऱ्यात नाग राहतो, तो कुणाला काही करत नाही, त्याला राहू द्या आणि घर दहा हात अलीकडं घ्या. दुपारी एकनंतर ही एवढी जागा लिंबाच्या सावलीत येते ती दिवस बुडेपर्यंत, तुमच्या दीड हात भिंती इथं कशाला हव्यात? थंडीत सकाळचं ऊन इथं येतं, इथं पापड वाळतील. रस्ता इथून दिसतो, माझी खिडकी इथं. मला कोण आलं-गेलं दिसलं पाहिजे. आणि शेवटी त्या दगडाजवळ येऊन थांबल्या. "हा दगड हलवायचा नाही. स्वयंपाकघराचं दार याच्यासमोर." साडूंनी चार पानं भरली. मग खाली बघत हळूच विचारलं, "आणि ओट्याची उंची?" सुमनताईंनी कोपर वाकवलं, हात पुढं धरला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. साडूंनी टेप काढली, वाकले, माप घेतलं, पुन्हा घेतलं. आमची ही दुसरीकडं तोंड करून डोळे पुसत होती.

घर झालं. डोंगराच्याच दगडाचं, बसकं, कौलारू. छपराचं पाणी टाक्यात जातं, न्हाणीचं केळीला जातं, चिमण्यांचे खोपे आहेत, पालींचा कोपरा आहे, नाग आपल्या जागी आहे. वैशाखात जाऊन बघा, पंखा लागत नाही. बघायला लोक येतात, आणि साडू त्यांना हातवारे करून सांगतात, "एक वर्ष अभ्यास केला आम्ही, तीनशे पासष्ट दिवस." तेव्हा आत सुमनताई ठसका लागल्यासारखं करतात. मग साडू घसा साफ करून म्हणतात, "म्हणजे हिनं केला. मी पलीकडं होतो." पाट काही चुलीत गेला नाही. बारा घरं बरोबर आलेलं लाकूड, जाळवेना म्हणाल्या. ओट्याखाली उभा करून ठेवलाय.

गेल्या महिन्यात सुमनताईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. दोन्ही गुडघे. त्या पुण्याला लेकीकडे होत्या, बेलापूरच्या पंख्याखालच्या त्याच लेकीकडे, दीड महिना. साडूंनी जायला नको? गेले होते, पण सुमनताईंनीच परत पाठवून दिलं. म्हणाल्या, फ्लॅटमध्ये उदबत्ती घेऊन फिरतात, जावयाला सहन होत नाही. मी एका मंगळवारी सहज म्हणून माळावर गेलो. दुपारची वेळ. साडू आत पिठलं ढवळत होते. उंच माणूस, पार कमरेत वाकलेला. मी म्हटलं, "साडूभाऊ, पाठ जाईल अशानं. पलीकडं टेबलावर घ्या की शेगडी." ते ढवळतच राहिले. "हे तिच्या मापाचं आहे," म्हणाले. "तेहतीस वर्षं ती पाटावर चढत होती हो. मी कधी बघितलंच नाही. दोनदा पडली, तेही मला नंतर कळलं. आता वाकायला होतं तेव्हा रोज आठवतं. असू दे."

आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. भाकरीला आकार म्हणून नव्हता, तरी मी दोन खाल्ल्या. हात धुवायला उठलो तर खिडकीत वही उघडी पडली होती. त्या दिवशीचं पान होतं. 'सकाळी नऊ. वारा पश्चिमेचा. टिटवी नानांच्या माळावर. दुपारी दोन. सावली दगडावर आली. दगडावर कोणी नाही.' त्याच्या खाली तारखा लिहून एकेक खोडत आणल्या होत्या.

निघताना त्यांनी फाटकापर्यंत पोचवलं. सुमनताई शुक्रवारी येणार, लेक गाडीनं आणून सोडणार, पायऱ्यांना कठडा बसवून घेतलाय, असं सगळं दोनदा सांगितलं. मी रस्त्यावर आलो, मोटारसायकल चालू केली आणि सहज मागे वळून बघितलं. सुमनताईंची ती खिडकी त्यांच्याच उंचीची. साडू तिच्यात वाकून, ओट्यावर कोपरं टेकून, पुण्याकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत उभे होते. शुक्रवारला अजून तीन दिवस होते.